हिवाळी कोलकाता : वैद्यकाच्या वाटेने तीन दिवस

आपल्या इंदूरकडील मराठी मंडळी सहलीला निघाली की बहुधा दक्षिणेची वाट धरतात, नाही तर हिमालयाची. कोलकाता हे त्यांच्या दृष्टीने गंगासागर, दार्जिलिंग अथवा ईशान्य भारत यांच्या वाटेवरचे एक जंक्शन असते. एक रात्र काढावी, व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर छायाचित्र घ्यावे, रसगुल्ल्याचा डबा बांधून घ्यावा आणि पुढे निघावे, एवढाच त्या शहराशी संबंध. निदान डॉक्टरांनी तरी असे करू नये, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. पटकी, हिवताप, काळा आजार हे शब्द आपण परीक्षेसाठी घोकले. त्या पाठ्यपुस्तकांतील कितीतरी ओळी या एका शहरात, काही मैलांच्या परिघात, प्रथम लिहिल्या गेल्या. त्या जागा पर्यटकांच्या नकाशावर ठळकपणे दाखविलेल्या नसतात. ठाऊक असल्या तरच दिसतात.

आम्ही उभयता २०२५च्या डिसेंबरात तीन दिवस तेथे होतो. पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ, मी फिजिशियन. दोघांचीही साठी उलटलेली. तीन दिवसांत कोलकाता 'पाहून' होत नाही, हे उघड आहे. परंतु एक सूत्र हाती धरून फिरल्यास या शहराचा बराचसा अर्थ लागतो, आणि ते सूत्र आपल्या व्यवसायातलेच असल्यामुळे येथे थोडे विस्ताराने सांगतो.

आधी ऋतूविषयी. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. रात्रीचे तापमान साधारण १२ ते १४ अंशांपर्यंत उतरते, दुपारी ते २५च्या आसपास असते. माळव्याच्या थंडीची सवय असलेल्यांना एक स्वेटर पुरतो. बंगाली गृहस्थ मात्र याच थंडीत कान झाकणारी माकडटोपी चढवून बाहेर पडतात, आणि त्यात विनोद आहे असे त्यांना मुळीच वाटत नाही. थंडीची दुसरी बाजू हवेची. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा लवकर थंड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर व धूळ खालीच कोंडून राहतात. त्यामुळे दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असणाऱ्यांनी पहाटेच्या फेरफटक्याचा मोह टाळावा, ऊन वर आल्यावर निघावे, श्वासावाटे घ्यावयाची औषधे हाताशी ठेवावीत. नाताळच्या आदल्या रात्रीपासून नववर्षापर्यंत पार्क स्ट्रीटवर रोषणाई आणि अफाट गर्दी असते; ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी त्या तारखा सोडूनच आरक्षण करावे. व्हिक्टोरिया मेमोरियलचे संग्रहालय व इंडियन म्युझियम दोन्ही सोमवारी बंद असतात, हेही तिकीट काढतानाच लक्षात घ्यावे. इंदूरहून हावड्यास जाणारी शिप्रा एक्सप्रेस आठवड्यातून मोजकेच दिवस धावते, म्हणून दिवसांचे गणित आधी तिच्याशी जुळवावे लागते.

आता मूळ विषय. इतके रोग याच शहरात का उलगडले? पहिले कारण भूगोल. पटकी हा गंगेच्या त्रिभुज प्रदेशाचा जुना रहिवासी. खाऱ्या-गोड्या पाण्याची सरमिसळ, पूर, सखल जमीन आणि घरोघरचे 'पुकुर', म्हणजे तळी. त्याच तळ्यात स्नान, त्यातच धुणे आणि पिण्याचे पाणीही त्यातलेच. १८१७ मध्ये जेसोर भागात उसळलेली साथ पुढे देशोदेशी पोहोचली आणि ती पटकीची पहिली जागतिक साथ ठरली. दुसरे कारण सत्तेचे. १९११ मध्ये दिल्लीची घोषणा होईपर्यंत हिंदुस्थानची राजधानी येथे होती. सैन्य, बंदर, चहा व ताग यांचा पैसा येथे होता. रोग, रोगी आणि रोगाची धास्ती घेतलेले शासन असे तिन्ही एकत्र आले की प्रयोगशाळेस खोली मिळते. खोली कशी मिळत असे, हे पुढे येईलच.

पहिला दिवस कॉलेज स्ट्रीटवर घालवावा. कलकत्ता मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये सुरू झाले. आपल्या मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर दहा वर्षांनी, १८४५ मध्ये. पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, येथे मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवविच्छेदन केले. हे गृहस्थ आयुर्वेदाचे वैद्य, संस्कृत कॉलेजातील वैद्यकाचे अध्यापक. सोबत चार विद्यार्थी होते. स्पर्शास्पर्शाच्या त्या काळात एका वैद्य पंडिताने प्रेतास शस्त्र लावणे म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यास सांगूनही समजणार नाही. त्या प्रसंगी फोर्ट विल्यमवरून तोफा डागल्या गेल्या, अशी कथा बंगाली मंडळी अभिमानाने सांगतात. कथा म्हणून ती चांगली आहे.

रुग्णालयाची उंच खांबांची जुनी इमारत १८५२ मध्ये उघडली. तेथे आजही रुग्णांची रीघ असते. पायऱ्यांवर नातेवाईक पथारी पसरून बसलेले असतात, ट्रॉल्या जात-येत असतात. हे सर्व पाहण्यास गेलेल्या डॉक्टरने आपण येथे पाहुणे आहोत हे विसरू नये. कोणाच्या वॉर्डात डोकावू नये, रुग्ण दिसेल असे छायाचित्र घेऊ नये. कॉलेजच्या आतील भाग पाहावयाचा असल्यास आधी कार्यालयाची परवानगी घ्यावी. बाहेरून पाहिले तरी पुष्कळ आहे.

"अहो, कादंबिनी याच पायऱ्या चढून जात असेल," पत्नी म्हणाली. कादंबिनी गांगुली. १८८३ मध्ये त्या चंद्रमुखी बसूंसह पदवीधर झाल्या आणि १८८६ मध्ये येथून वैद्यकीय परवाना घेऊन बाहेर पडल्या. त्याच १८८६च्या मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. या दोघींची नावे आपण एका दमात घेतो, पण दोघींच्या वाटा एकाच शहरातून फुटल्या हे सहसा कोणी सांगत नाही. आनंदीबाई अमेरिकेस निघाल्या त्या कलकत्त्याच्या बंदरातून. तो भाग तिसऱ्या दिवसासाठी राखून ठेवतो.

येथे आधी पटकीचे सांगितले पाहिजे, कारण या शहराचे वैद्यकाला सर्वांत मोठे देणे तेच आहे. १८८३च्या डिसेंबरात जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख इजिप्तमधून आपले पथक घेऊन कलकत्त्यास आला. तोही हिवाळाच. पटकीने मेलेल्यांची आतडी तपासून त्याने स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा केला, त्याची शुद्ध वाढ करून दाखविली, पुढे शहरातील एका तळ्याच्या पाण्यातही तो शोधून काढला आणि १८८४च्या फेब्रुवारीत आपले निष्कर्ष मायदेशी कळविले. परंतु एक अडचण राहिली. कॉखच्याच नियमाप्रमाणे जंतू जनावरास दिल्यावर तोच रोग व्हावयास हवा होता. पटकी जनावरांना होईना. शिवाय जंतू नेमका करतो काय, हेही कळेना. आतड्याचे अस्तर तो झडवून टाकतो आणि त्याचे विष रक्तात मिसळून माणूस मरतो, अशी समजूत दीर्घकाळ टिकली. समजूत चुकीची असली की उपचारही चुकतो.

हे कोडे सुटले ते पाऊणशे वर्षांनी आणि याच शहरात. शंभूनाथ डे (१९१५–१९८५) हे विकृतिशास्त्राचे अध्यापक. नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात असताना १९५३ मध्ये त्यांनी एक अत्यंत साधा प्रयोग मांडला. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून घ्यावयाचा आणि त्या बंद वेटोळ्यात पटकीचे जंतू सोडावयाचे. वेटोळे पाण्याने टम्म फुगले! म्हणजे रोग जनावरात होत होता. तो तोंडावाटे किंवा रक्तावाटे शोधणारे चुकीच्या ठिकाणी शोधत होते. पुढे १९५९ मध्ये, मेडिकल कॉलेजात प्राध्यापक असताना, त्यांनी जंतू गाळून काढलेले नुसते द्रव तसेच बांधलेल्या वेटोळ्यात घातले. वेटोळे पुन्हा भरले. दोषी होते ते जंतूने बाहेर सोडलेले विष, आणि त्याचे काम आतड्यापुरतेच होते. हा शोध 'नेचर' या नियतकालिकात छापला गेला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवर प्रयोग करून पटकीच्या विषाची भूमिका दाखवून दिली, हे आपल्या मंडळींना ठाऊक असावे.

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी त्याचा अर्थ थोडक्यात सांगतो. पटकीचे विष आतड्याच्या पेशीतील एक कळ चालू अवस्थेत अडकवून ठेवते, त्यामुळे क्षार व पाणी आतड्याच्या पोकळीत ओघळत राहते. पेशी मात्र जिवंत असते, अस्तर शाबूत असते. आणि त्या अस्तरात ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आत ओढून घेणारी दुसरी एक वाट असते, तिला विष हात लावत नाही. घराचा एक नळ फुटून वाहत असला तरी दुसऱ्या दारातून पाणी आत आणता येते, तसे. योग्य प्रमाणात साखर व मीठ घातलेले पाणी पाजले तर शरीर ते स्वीकारते. जलसंजीवनी, म्हणजे ओ.आर.एस., ती हीच.

तिची खरी परीक्षाही कोलकात्याच्या डॉक्टरांनीच दिली. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते. तेथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा मापाच्या पुड्या शहरात करवून घेतल्या, पिंपांत द्रावण करून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास लावले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. प्रस्थापित मताचा त्या काळी यावर विश्वास नव्हता. सुई-नळीवाचून, अशिक्षित आईच्या हातून पटकीचा उपचार व्हावा ही कल्पनाच अनेकांना रुचत नव्हती. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने या उपचाराचा, शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती असा गौरव केला. महालनबीस २०२२च्या ऑक्टोबरात वारले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर मिळाले. शंभूनाथ डे यांच्या वाट्याला तर जिवंतपणी आपल्या देशातील एकही मोठा सन्मान आला नाही. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने आपल्या परिसंवादास त्यांना निमंत्रित केले, तेव्हा ते निवृत्त होऊन काही वर्षे लोटली होती. आपल्याकडे मोठेपणाची दखल घेण्यास बाहेरचे पत्र यावे लागते, ही खोड जुनीच आहे.

मेडिकल कॉलेजच्या बाजूस चित्तरंजन अॅव्हेन्यूवर स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन आहे. सर लिओनार्ड रॉजर्स यांच्या खटपटीने १९१४ मध्ये तिचा पाया घातला गेला आणि १९२१ मध्ये अध्यापन सुरू झाले. उष्ण कटिबंधातील रोगांसाठीच उभारलेली ही संस्था बाहेरून पाहावी, दहा मिनिटे पुरे. त्यानंतर कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांच्या टपऱ्या आणि इंडियन कॉफी हाऊस. तेथे कॉफीपेक्षा गप्पांचा दर्जा वरचा आहे, एवढेच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे वळावे. सकाळी साउथ पार्क स्ट्रीटची जुनी ख्रिस्ती दफनभूमी पाहिली. ही १७६७ मध्ये सुरू झाली. फिरायला स्मशान कशाला, असे पत्नीचे प्रारंभी मत होते. अर्ध्या तासाने तीच एकेका थडग्यावरील वये मोठ्याने वाचू लागली. वीस, तेवीस, बावीस, तान्हे मूल, बाळंतीण. कलकत्त्यास आलेल्या गोऱ्या माणसाचे आयुष्य 'दोन पावसाळे' असे त्या काळी म्हणत, ते का हे येथे दगडावर वाचता येते. प्राच्यविद्येचे आद्य अभ्यासक सर विल्यम जोन्स यांचा उंच मनोरा येथेच आहे. ते १७९४ मध्ये वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. बंगालच्या तरुण पिढीस विचार करावयास शिकविणारा कवी-शिक्षक डेरोझिओ १८३१च्या डिसेंबरात पटकीने गेला तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. तोही येथेच आहे. रोगपरिस्थितीविज्ञानाचा एक धडा म्हणून वैद्यकीय विद्यार्थ्यांना येथे अवश्य आणावे.

जवळच इंडियन म्युझियम. १८१४ मध्ये एशियाटिक सोसायटीत हे संग्रहालय सुरू झाले ते नॅथॅनिअल वॉलिक या डॅनिश शल्यचिकित्सकाच्या सूचनेवरून. डॉक्टर मंडळी रुग्णालयाबाहेर काय काय करून ठेवतात! आपल्या मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातून आलेली भारहुतच्या स्तूपाची लालसर दगडी वेदिका येथे आहे. ती पाहण्यासाठी वेळ राखून ठेवावा, इजिप्तच्या ममीपुढील रांगेत तो घालवू नये. व्हिक्टोरिया मेमोरियलविषयी सर्वांना ठाऊक आहेच. १९०६ मध्ये पाया, १९२१ मध्ये उद्घाटन, मकराण्याचा संगमरवर. दुपारच्या उन्हात बागेत बसण्यास फार सुखाचे.

तेथून चालत जाण्याच्या अंतरावर शेठ सुखलाल कर्नानी स्मारक रुग्णालय आहे. जुने नाव प्रेसिडेन्सी जनरल, आणि लोकांच्या तोंडी आजही 'पी.जी.'. त्याच्या कुंपणाच्या भिंतीत रोनाल्ड रॉसचे स्मारकद्वार आहे. १९२७च्या जानेवारीत खुद्द रॉसच्या उपस्थितीत ते उघडण्यात आले. या दारापासून आग्नेयेस सत्तर यार्डांवरील लहानशा प्रयोगशाळेत १८९८ मध्ये रॉसने डासांकडून हिवताप कसा पसरतो हे शोधले, अशा आशयाचा लेख त्यावर आहे. समोरून बसगाड्या धडधडत जातात. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात त्या लेखाकडे कोणी मान वळवली नाही.

लेख खोटा नाही, परंतु अपुरा आहे. हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवीच्या पेशी रॉसला प्रथम दिसल्या त्या २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत. आपल्या हैदराबादकर मराठी बंधूंनी हा मान कोलकात्यास देऊन टाकू नये. जागतिक मच्छर दिन त्याच तारखेस पाळला जातो. नंतर रॉसची बदली झाली आणि १८९८च्या प्रारंभी तो कलकत्त्यास आला, तेव्हा प्लेगच्या बंदोबस्तामुळे लोक इतके धास्तावलेले होते की बोटातून रक्ताचा थेंबही कोणी देईना. मग त्याने पक्ष्यांचा हिवताप हाती घेतला. जठरातून परजीवी पुढे जातो कोठे, हा प्रश्न होता. जुलैमध्ये त्याला तो डासाच्या लाळग्रंथीत सापडला, आणि अशा डासांनी चावा घेतलेले निरोगी पक्षी आजारी पडले. चक्र पूर्ण झाले. माणसाच्या हिवतापाबाबत तेच चक्र त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले. १९०२चे नोबेल एकट्या रॉसला मिळाले. आणि त्याच्यासाठी डास पाळणारा, पक्षी सांभाळणारा, अळ्या हुडकत हिंडणारा महंमद बक्ष? तो रॉसच्या आठवणींत आहे, दारावर नाही.

या दारासमोरचा रस्ता म्हणजे जुना सर्क्युलर रोड. उत्तरेकडे जाता जाता तो ज्या रेषेवरून जातो, ती रेषा मराठ्यांच्या भीतीने आखलेली आहे! नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ मध्ये बंगालात घुसले, तेव्हा कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सुमारे तीन मैल खणून झाला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि काम तसेच राहिले. १७९९ मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजवून हा रस्ता केला गेला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' हे नाव अद्याप आहे. बंगाली आया 'बर्गी' येतील म्हणून लेकरांना झोपवीत, ती अंगाईही अजून जिवंत आहे. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर एका चहावाल्या आजोबांनी हसून विचारले, "बर्गी?" हिंदीत मी म्हणालो, "आता फक्त डॉक्टर." मातीच्या भांड्यातला दुसरा चहा त्यांनी पैसे न घेता दिला. मात्र त्या स्वाऱ्यांत बंगालच्या खेड्यांची जी होरपळ झाली ती थट्टेची बाब नाही, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला फारशी जागा नाही. दुसरी बाजू अशी की पुढे याच बंगालात सखाराम गणेश देऊस्कर या मराठी वंशाच्या लेखकाने १९०४ मध्ये 'देशेर कथा' हा बंगाली ग्रंथ लिहिला, तो इतका गाजला की १९१० मध्ये सरकारने त्याच्यावर बंदी घातली.

तिसरा दिवस श्रीरामपूरचा. इंग्रजी अंमलातील 'सेरामपूर' ते हेच. हावड्याहून लोकलने सुमारे अर्धा-पाऊण तास. हुगळीच्या पश्चिम तीरावरील हे गाव १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते; संग्रहालय सुचविणारा वॉलिक येथूनच आला. विल्यम कॅरी व त्याच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये स्थापन केलेले कॉलेज नदीकाठी दिमाखाने उभे आहे. मराठी माणसाने येथे येण्यास एक कारण तेही पुरेसे आहे: कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये येथे छापले गेले, आणि त्या कामी त्याला नागपूरकडील वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते.

आमच्या येण्याचे कारण मात्र दुसरे होते. गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते व बदलीने बंगालमध्ये आले होते. त्यांच्या पत्नीने, आनंदीबाईंनी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी याच कॉलेजात भरलेल्या सभेपुढे इंग्रजीत भाषण केले. आपण अमेरिकेस का जात आहोत, येथे राहून का शिकत नाही, एकट्या का जात आहोत, परतल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय, हे प्रश्न त्यांना विचारले जात होते आणि त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. वय अठराच्या आत. त्याआधी चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि उपचारांवाचून दहा दिवसांत गेलेले मूल. ज्या व्यक्तीने हे सोसले ती व्यक्ती परक्या भाषेत, परक्या प्रांतात, बहुतांशी पुरुषांनी भरलेल्या सभागृहात देशाला स्त्री-डॉक्टर का हवी हे मांडत होती. माझ्या पत्नीने चाळीस वर्षांत हजारो बाळंतपणे केली आहेत. कॉलेजच्या दर्शनी खांबांजवळ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपण सभेत बोलायला उभे राहतो तेव्हा आपल्याला फक्त कंटाळा येईल की काय एवढीच भीती असते."

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंची बोट कलकत्त्याहून सुटली. अठरा वर्षे पुरी होऊन एक आठवडा झाला होता. मद्रासच्या मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांना १८७५ पासून उघडे होते, कलकत्त्याचे नव्हते. ते उघडण्याचा निर्णय बंगाल सरकारने घेतला तो त्याच १८८३ मध्ये, बोट सुटल्यावर काही महिन्यांत. त्या दारातून कादंबिनी आत गेल्या. पुढचे आपणा सर्वांना माहीत आहे. आनंदीबाई १८८६च्या अखेरीस परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्येच दाखविला होता. त्यावरील औषध यावयास आणखी साठ वर्षे होती. कादंबिनींनी आठ मुलांचा संसार सांभाळून १९२३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, रुग्णसेवा केली. अमेरिकेतील थंडी, अपुरा आहार, अपुरे कपडे यांनी आनंदीबाईंचे दुखणे वाढविले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. कलकत्त्याचे ते दार वर्षभर आधी उघडते तर त्या बोटीत बसल्या असत्या का, हा प्रश्न त्या घाटावर मनात येतोच. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार मला नाही.

परतताना लोकलऐवजी होडीने हुगळी ओलांडून बराकपूरला उतरावे. दहा-पंधरा मिनिटांचा हा प्रवास तिन्ही दिवसांतील सर्वांत प्रसन्न वाटला. बराकपूरहून गाडी शियालदहला येते, आणि स्थानकाशेजारीच नीलरतन सरकार रुग्णालय आहे. शंभूनाथ डे यांनी सशाचे वेटोळे बांधले ते येथे. त्याआधी याचे नाव कॅम्पबेल. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी तेथे शिकवीत होते. काळ्या आजाराने आसाम-बंगालची गावेच्या गावे ओस पडत होती. १९२०च्या सुमारास त्यांनी युरिया स्टिबामाइन तयार केले आणि मृत्यूचा तो ओघ थांबला. नळ नाही, गॅस नाही, रात्री रॉकेलचा कंदील, अशा एका लहान खोलीत हे काम झाले. १९२९ मध्ये त्यांचे नाव नोबेलसाठी सुचविले गेले, मिळाले नाही. रुग्णालयाच्या फाटकाशी संध्याकाळी रिक्षा, फळवाले आणि रक्त तपासून आणणाऱ्या नातेवाइकांची धावपळ चालू होती.

खाण्याविषयी दोन शब्द राहिले. हिवाळ्यात खजुराच्या झाडाच्या रसाचा नवा गूळ येतो, त्याला 'नोलेन गुड' म्हणतात. त्याचा संदेश आणि जयनगरचा 'मोआ' हे याच ऋतूत खावेत. मधुमेह असणाऱ्यांना उपदेश करण्याचा माझा अधिकार पहिल्याच संध्याकाळी संपला होता. मात्र पहाटे झाडावरून उतरवलेला कच्चा रस कोणी आग्रहाने दिला तरी नम्रपणे नाकारावा. झाडाला लावलेल्या मडक्यावर रात्री वटवाघळे येतात, आणि बांगलादेशात निपाह विषाणूची लागण अशा कच्च्या रसातून झाल्याचे सिद्ध झालेले आहे; पश्चिम बंगालमध्येही २००१ मध्ये सिलिगुडीत व २००७ मध्ये नदिया जिल्ह्यात हा रोग उद्भवला होता. गूळ करताना रस बराच वेळ उकळतो, त्यामुळे गुळाचे भय नाही. आम्ही दोन किलो आणला. शियालदहहून हावड्यास आता मेट्रो नदीच्या खालून नेते, २०२५च्या ऑगस्टपासून हा मार्ग सलग झाला आहे. गुळाची मडकी सांभाळत आम्ही गर्दीच्या पुलावर न अडकता बारा-पंधरा मिनिटांत हावड्यास पोहोचलो आणि शिप्रा एक्सप्रेस सुटावयास तासभर अवकाश होता.